दर सर्व्हिसिंगनंतर मेकॅनिक बदलावा लागत असेल, तर दोष कोठे शोधावा

समस्या ओळखीची आहे. गाडी वॉरंटीतून बाहेर पडते, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे बिल डोळ्यांत खुपू लागते आणि आपण कोणीतरी सुचवलेल्या गॅरेजमध्ये जातो. पहिली सर्व्हिसिंग बरी होते, दुसऱ्या वेळी काहीतरी राहून जाते, तिसऱ्या वेळी न सांगितलेले काम बिलात दिसते आणि मग ‘विश्वासाचा मेकॅनिक कोणी आहे का’ असे विचारत आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभे राहतो. फोंड्याहून पणजीला रोज गाडीने जाणाऱ्या मला या फेऱ्यातून बाहेर पडायला चार गॅरेजे लागली. बाहेर पडण्याचा मार्ग चौथ्या गॅरेजात सापडला हे खरे. पण तो पहिल्याच गॅरेजात सापडू शकला असता, असे आता मागे वळून पाहताना दिसते.

लक्षण

माझी गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. वर्षाला तिचे साधारण १८,००० किलोमीटर होतात. वॉरंटी संपल्यानंतरच्या दीड वर्षात तिच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड तीन वेळा बदलले गेले, तेही तीन वेगवेगळ्या गॅरेजांत. चालवण्याची पद्धत फार आडदांड नसेल, तर अशा गाडीचे पुढचे पॅड ३०,००० ते ४०,००० किलोमीटर सहज चालतात. माझे नऊ-दहा हजारांत संपत होते. दर वेळी आधी डाव्या चाकातून बारीक किरकिर ऐकू येई, मग उतारावर ती वाढे आणि शेवटी लोखंड लोखंडावर घासल्याचा खरखरीत आवाज सुरू होई. प्रत्येक गॅरेजवाल्याने आधीच्या गॅरेजवाल्याने हलके पॅड बसवल्याचे सांगितले. पहिल्याविषयी दुसऱ्याने सांगितलेले मला पटले, दुसऱ्याविषयी तिसऱ्याने सांगितलेलेही पटले. तिसऱ्यानंतर मात्र हिशेब जुळेना, कारण एकमेकांना न ओळखणारी तीन माणसे नेमक्या एकाच चाकाला फसवतील हे संभवत नव्हते.

तीन दुखणी, एकच नाव

‘मेकॅनिक विश्वासू नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी मिसळलेली असतात, आणि तिन्हींवरचे औषध निराळे असल्यामुळे आधी ती एकमेकांपासून वेगळी करणे आवश्यक आहे.

पहिले दुखणे म्हणजे सरळ अप्रामाणिकपणा: फिल्टर बदलल्याचे बिल लावायचे आणि जुनाच झटकून बसवायचा, किंवा चांगल्या कंपनीच्या डब्यातला म्हणून सुटे ऑइल ओतायचे. हे पकडणे सर्वांत सोपे आहे. गाडी देण्यापूर्वी एअर फिल्टरच्या आणि ऑइल फिल्टरच्या अंगावर मार्कर पेनाने लहानशी खूण करावी, जुने भाग डिकीत ठेवण्यास सांगावे आणि नव्या भागांची खोकीही त्यांच्यासोबत मागून घ्यावीत, कारण त्या खोक्यांवर भाग क्रमांक, छापील किंमत आणि पॅकिंगचा महिना असतो. ऑइलच्या मापाचेही तसेच आहे. बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांना फिल्टरसह तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते आणि आपल्या गाडीचा नेमका आकडा ओनर्स मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. बिलात चार लिटरचा कॅन लावला असेल, तर उरलेले ऑइल कॅनसह आपल्याला मिळायला हवे. ऑइलच्या रंगावरून मात्र कोणावर आळ घेऊ नये. डिझेल इंजिनात नवे ऑइल पहिल्या काही किलोमीटरांतच काळे पडते, आणि काळे पडणे हे ते आपले काम करत असल्याचे लक्षण आहे.

दुसरे दुखणे अज्ञानाचे. येथे माणूस प्रामाणिक असतो, भागही खरे बसवतो, बिलही वाजवी लावतो. तरीही तीच तक्रार सहा महिन्यांनी परत येते, कारण झिजलेला भाग त्याने बदलला, पण तो का झिजला हे पाहिले नाही. माझे तिन्ही गॅरेजवाले याच वर्गातले होते आणि मी मात्र त्यांना पहिल्या वर्गात टाकून मोकळा झालो होतो.

तिसरे दुखणे घाईचे. इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे दोन स्क्रू कमी, ड्रेन बोल्टखालचा (जुने ऑइल काढण्यासाठी उघडतात त्या बोल्टखालचा) जुना वॉशर तसाच, फिल्टरच्या डब्याची एक क्लिप उघडी, सीटवर काळ्या हाताचा ठसा. गोव्यात ही घाई वर्षातून तीनदा हमखास येते: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत, जेव्हा सगळ्यांना एकाच वेळी वायपर आणि ब्रेक आठवतात, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी, जेव्हा प्रत्येकाला गावच्या घरी जायचे असते, आणि डिसेंबरमध्ये, जेव्हा किनाऱ्याकडच्या भाड्याच्या गाड्या एक दिवसही उभ्या राहू शकत नाहीत. अशा वेळी चांगला मेकॅनिकही वाईट काम करतो. त्याला ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, म्हणून नावे ठेवणे सोपे असते, पण दोन माणसांच्या गॅरेजात सात गाड्या उभ्या असताना ‘फाल्यां दितां’ (उद्या देतो) याहून खरे उत्तर तो देऊ शकत नाही. नव्या मेकॅनिकची परीक्षा या तीन हंगामांत घेऊच नये. फेब्रुवारी-मार्च हा काळ त्यासाठी बरा.

आपली स्वतःची चूक

हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण निदान पूर्ण व्हायचे तर लिहिले पाहिजे. पहिल्या दोन्ही गॅरेजांत मी गाडी देताना ‘ब्रेक पॅड बदला’ असे सांगितले होते. त्यांनी सांगितले ते केले. डॉक्टरकडे जाऊन आपणच औषधाचे नाव सांगावे आणि ताप उतरला नाही म्हणून डॉक्टरला बोल लावावा, तसा हा प्रकार होता.

मेकॅनिकला लक्षण सांगावे, उपाय सांगू नये. आवाज कोणत्या चाकातून येतो, सकाळी गाडी थंड असताना येतो की अर्धा तास चालवल्यावर, ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर, पावसात भिजल्यानंतर वाढतो की थांबतो, स्टिअरिंग हातात थरथरते की पेडल पायाखाली, हे सगळे कागदावर लिहून द्यावे. मी आता अशी एक वही गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. तिच्यात तारीख, किलोमीटर, केलेले काम, वापरलेला भाग आणि जाणवलेली लक्षणे यांव्यतिरिक्त काही नसते, पण गॅरेजात उभे राहून ‘मागच्या खेपेला कधी बदलले होते बरे’ असे आठवत बसण्याची वेळ येत नाही, आणि समोरच्या माणसालाही या गिऱ्हाइकाकडे नोंद आहे हे न सांगता कळते.

चौथ्या गॅरेजात मी पहिल्यांदा असे लक्षण सांगितले. गॅरेजचे मालक, ज्यांना त्यांची पोरे आणि गिऱ्हाइके सगळी ‘मेस्त’ म्हणूनच हाक मारतात, त्यांनी गाडीकडे न पाहता आधी मलाच विचारले, “पोरने पॅड दवरल्यात?” (जुने पॅड ठेवले आहेत का?) तिसऱ्या गॅरेजातून आणलेले जुने पॅड सुदैवाने डिकीतच होते. त्यांनी डाव्या चाकाचे दोन पॅड टेबलावर शेजारी ठेवले. आतल्या पॅडचे अस्तर जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते आणि बाहेरचे सात. तेथेच उत्तर मिळाले होते. गेले दीड वर्ष ते कोणी वाचले नव्हते, इतकेच.

आमच्यासारख्या लहान गाड्यांत ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड, दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने संपूर्ण कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडलाही डिस्कवर ओढतो. पिना गंजल्या किंवा त्यांच्यातले ग्रीस वाळले, की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा भार आतला पॅड वाहतो आणि ब्रेक सोडल्यावरही तो पुरता मोकळा होत नाही. माझ्या गाडीच्या खालच्या पिनेचे रबरी बूट फाटलेले होते, आत पाणी गेले होते आणि पिन हाताने हलत नव्हती. मेस्तांनी ती पान्याने फिरवत काढली, गंज साफ केला, नवी बुटे घातली आणि ब्रेकसाठीचे वेगळे उष्णतारोधक ग्रीस लावले; साधे बेअरिंगचे ग्रीस तेथे लावले तर रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पॅड चौथ्यांदा नवे घ्यावे लागले नाहीत, कारण तिसऱ्यांदा घातलेल्या पॅडमध्ये अजून जीव होता. मजुरी आणि बुटे मिळून बिल पाचशे रुपयांच्या आत आले. त्याआधीच्या तीन पॅड-जोड्यांवर मी किती खर्च केला होता, याचा हिशेब त्या दिवशी घरी कोणाला सांगितला नाही.

या प्रसंगातून मला कसोटी मिळाली ती अशी: ‘हा भाग गेला’ असे सांगणारे पुष्कळ असतात, ‘तो का गेला’ हे जुना भाग हातात धरून दाखवणाराच आपल्या कामाचा. यापुढचे सगळे उपाय याच कसोटीचे लहान-मोठे प्रकार आहेत.

गोव्याची हवा आणि मॅन्युअलमधले वेळापत्रक

कोणताही मेकॅनिक गाडी घेताना ती कोठे उभी असते आणि कोठे चालते हे विचारतो का, याकडे लक्ष द्यावे. हा प्रश्न औपचारिक वाटतो, पण गोव्यात त्याच्या उत्तरावर सर्व्हिसिंगचे स्वरूप ठरते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाडीला वर्षभर खारा वारा लागतो, आणि तिच्या खालच्या बाजूचे बोल्ट, सायलेन्सरचे सांधे आणि ब्रेकचे नळे आतल्या गावांतल्या गाडीपेक्षा लवकर गंजतात. डिचोली-सत्तरीकडे खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या अंतराच्या बराच आधी तांबडा होतो. आंब्याखाली किंवा माडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीतून पाने आत जातात, पाणी वाहून जाण्याची वाट बुजते आणि पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा ओला होतो. असा गालिचा पाहून ‘एसीचा कूलिंग कॉइल गळतो’ असे निदान करणारा मेकॅनिक मी पाहिला आहे. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला येऊन बसणारे आणि वायरी कुरतडणारे उंदीर हा तर स्वतंत्र अध्याय होईल.

ब्रेकच्या ऑइलबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण मेकॅनिकला समजते की नाही हे पाहण्यासाठी त्याच्याइतकी चांगली जागा नाही. हे ऑइल, म्हणजे ब्रेक फ्लुइड, हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यानंतर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सपाटीवर याचा पत्ता लागत नाही. बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरून केरीकडे यावे, भरलेल्या गाडीला वळणावळणावर ब्रेक लावावे, द्रव तापून त्यात वाफेचे बुडबुडे व्हावेत आणि पेडल स्पंजासारखे खाली जावे, तेव्हा ते कळते. आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ते दोन वर्षांनी बदलण्याची सूचना असते. आमच्या हवेत ती मुदत मी वाढवत नाही. मेकॅनिकला विचारावे, “ब्रेक ऑइल कधी बदलायचे?” ‘कमी झाले की वरून टाकायचे’ हे उत्तर आले, तर त्या माणसाकडे पंक्चर काढावे, ब्रेक देऊ नयेत. शिवाय डबीतली पातळी कमी होण्याचे एक साधे कारण पॅड झिजणे हेही असते. वरून भरत राहिले की ही खूणच पुसली जाते.

कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालणे हा दुसरा स्थानिक रोग. पाण्यातल्या क्षारांमुळे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर बसतो आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये पातळ होतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचे तयार कूलंटच घालावे, आणि ते वारंवार कमी होत असेल तर गळती कोठे आहे हे शोधावे.

कोणाला विचारावे आणि काय

शेजाऱ्याला ‘तुमचा मेकॅनिक चांगला आहे का’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण आपण निवडलेला माणूस वाईट आहे असे कोणी सांगत नाही. त्याऐवजी ‘त्याचे काम एकदा तरी बिघडले होते का, आणि तेव्हा त्याने काय केले’ असे विचारावे. ज्याचे काम कधीच बिघडले नाही त्याच्याकडे सांगणारा बहुधा एकदाच गेलेला असतो. बिघडल्यावर गाडी परत घेतली, मजुरी न लावता पुन्हा उघडली, चूक मान्य केली, असे ऐकायला मिळाले तर तो पत्ता लिहून घ्यावा.

टॅक्सीवाल्यांचा सल्ला मोलाचा असतो. त्यांची गाडी म्हणजे त्यांची रोजीरोटी असल्यामुळे वेळ खाणारा मेकॅनिक त्यांच्याकडे टिकत नाही. मात्र त्यांना काम स्वस्तात आणि त्याच दिवशी हवे असते, म्हणून त्यांच्या पसंतीचा माणूस जुळवाजुळवीत निष्णात असू शकतो आणि दीर्घ देखभालीत नसू शकतो. माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत खात्रीची माहिती सुट्या भागांच्या दुकानातल्या काउंटरवर असते. म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील अशा दुकानांत रोज कोणते गॅरेज काय नेते, कोण नेमका भाग क्रमांक सांगून मागतो, कोण ‘हलक्यातला द्या’ म्हणतो आणि कोण न लागलेला भाग खोके न फोडता परत करतो, हे तेथल्या माणसाला पाठ असते. तो कोणाची निंदा करणार नाही, पण ‘माझ्या गाडीचे काम तुम्ही कोणाकडे दिले असते’ असे विचारल्यावर क्षणभर थांबून तो जे नाव घेतो, ते मी गंभीरपणे घेतो. मेस्तांचे नाव मला असेच मिळाले.

पाटीवरचे ‘सर्व प्रकारच्या गाड्यांची कामे केली जातील’ हे वाक्य माझ्या मनात थोडी शंका आणते. आपल्या कंपनीच्या आणि आपल्या वयाच्या दोन-तीन गाड्या गॅरेजात उभ्या दिसल्या, तर ते पाटीपेक्षा चांगले प्रमाणपत्र आहे. एसी, वायरिंग आणि व्हील अलाइनमेंट ही कामे वेगळ्या माणसांची असतात आणि जो मेकॅनिक ‘हे माझे काम नव्हे, अमक्याकडे जा’ असे सांगतो, त्याने एक गिऱ्हाइकी कमी करून दहा वर्षांचे गिऱ्हाईक मिळवलेले असते.

पहिले काम कोणते द्यावे

टायमिंग चेन, क्लच किंवा इंजिन उघडण्याचे काम नव्या माणसाला प्रथम देऊ नये. ऑइल आणि फिल्टर बदलणे, किंवा चारही ब्रेक उघडून साफ करणे, असे लहान आणि डोळ्यांनी तपासता येईल असे काम द्यावे आणि शक्य असेल तर स्वतः तेथे उभे राहावे. ‘गिऱ्हाईक आत चालणार नाही’ असा नियम मोठ्या वर्कशॉपमध्ये सुरक्षिततेसाठी असतो हे समजू शकते. दोन रॅम्पच्या गॅरेजात तो कशासाठी असावा, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

उभे राहिल्यावर मेकॅनिकला शिकवू नये, केवळ पाहावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्यापूर्वी तो स्टँड लावतो का? ड्रेन बोल्ट बसवताना आधी दोन-तीन आटे हाताने फिरवतो, की सुरुवातीपासूनच पाना लावून रेटतो? इंजिनखालच्या ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे एकदा खराब झाले की त्या घाईची किंमत संपूर्ण चेंबर मागते. बोल्टखाली नवा वॉशर घालतो का? चाकांचे नट हवेच्या गनने कडकडून आवळून सोडून देतो, की शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, तपासतो? लहान गाड्यांना हे माप साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असते आणि गनने वेड्यासारखे आवळलेला नट पावसात, चोर्ल्याच्या अंधारात स्टेपनी बदलताना आपल्या हाताने सुटत नाही. ऑइल भरल्यानंतर इंजिन थोडे चालवून, बंद करून, काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहतो का?

आणखी एक गोष्ट मी पाहतो, ती कदाचित कोणाला विषयांतर वाटेल. जुने ऑइल कोठे जाते? घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. जो ते बॅरलमध्ये साठवतो तो आपल्या गाडीखालच्या न दिसणाऱ्या बोल्टांशीही बहुधा बरा वागतो. जो ते मागच्या व्हाळात (ओढ्यात) सोडतो, त्याच्या शेजारच्यांच्या विहिरींचा मला विचार येतो आणि गाडी मी परत आणतो.

‘बॅटरी गेली’ हे वाक्य ऐकू आल्यास मीटर लावून आकडे दाखवण्यास सांगावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना हा आकडा बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असतो. उभ्या गाडीत आकडा कमी आणि चालू इंजिनातही तो वर जात नसेल, तर दोष बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरकडे किंवा गंजलेल्या टर्मिनलकडे असू शकतो आणि नवी बॅटरीही महिन्याभरात झोपते.

बिल आणि बोलणे

काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्यावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही पुरतो. भाग आणि मजुरी वेगळी असावी, भागापुढे कंपनीचे नाव असावे आणि ठरलेल्यापेक्षा जास्त काम निघाल्यास आधी फोन करावा, एवढे स्पष्ट सांगावे. हे सांगताना आवाजात संशय नसावा. वयाने मोठ्या मेस्तांना ‘अरे-तुरे’ करून लेखी अंदाज मागणारे गिऱ्हाईक पाहिले, की मला मेकॅनिकचीच कीव येते.

बिलात जीएसटी लावला असेल, तर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो १५ अक्षरांचा असतो आणि गोव्यातली नोंदणी ३० या आकड्याने सुरू होते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः नोंदणी बंधनकारक नसते. त्यामुळे लहान गॅरेजचे साधे बिल हा लबाडीचा पुरावा मानू नये. नोंदणी नसताना कर आकारणे ही मात्र लबाडीच आहे.

कंपनीच्या सेंटरविषयी

वॉरंटी चालू असेपर्यंत मी गाडी कंपनीच्या सेंटरमध्येच देईन. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये असे म्हटले होते. पुढे प्रकरण अपिलांत गेले. तत्त्व योग्य असले तरी गिअरबॉक्सचा दावा नाकारला गेल्यावर तत्त्वाचे कागद घेऊन फिरण्याची माझी तयारी नाही. सेंटरमध्ये जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्यापूर्वी इंजिन फ्लश, एसीचे निर्जंतुकीकरण, टेफ्लॉन कोटिंग अशा ओळी वाचून त्या खोडण्यास सांगावे. मॅन्युअलमध्ये नसलेले काम आपण मागितल्याशिवाय होता कामा नये. याला एक अपवाद मी करतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने गाडी नवी असताना खालून गंजरोधक लेप द्यावा, पण पाणी निघून जाण्याची भोके त्यात बुजणार नाहीत हे पाहूनच. गंजलेल्या पत्र्यावर दिलेला लेप गंज झाकतो आणि आतून वाढू देतो.

काम बिघडल्यास

पहिली संधी त्याच माणसाला द्यावी. दुसऱ्या गॅरेजात गाडी उघडली की चूक कोणाची हे ठरवणे अशक्य होते, आणि ज्याला परत बोलावले नाही तो सुधारणार तरी कसा? तक्रार लक्षणाच्या भाषेत, तारीख आणि किलोमीटर लिहून पाठवावी. त्याने गाडी उघडून पाहिली, तर पैशांवरून घासाघीस करू नये. टाळाटाळ केली आणि रक्कम मोठी असली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे उत्तर गोव्यासाठी पर्वरी येथे आणि दक्षिण गोव्यासाठी मडगाव येथे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्क लागत नाही. येथे जुनी बिले, व्हॉट्सॲपवरचा अंदाज आणि डिकीतले जुने भाग कामी येतात. शे-दोनशे रुपयांच्या फरकासाठी हा मार्ग कोणी धरू नये.

माझ्या वहीतली शेवटची नोंद ऑक्टोबरमधली, पावसानंतरच्या तपासणीची आहे. डावीकडचे दोन्ही पॅड मोजले: आतला साडेपाच मिलिमीटर, बाहेरचा सहा. पुढच्या उजव्या बाजूला खड्ड्यात एक बारीक ‘टक’ आवाज येतो, त्यासाठी मी नवीन लोअर आर्म (चाकाला धरून ठेवणारा सस्पेन्शनचा मोठा भाग) घ्यावा लागेल असे धरून गेलो होतो. मेस्तांनी चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिले, सस्पेन्शनच्याच लिंक रॉड या लहान भागाचे रबर सैल झाल्याचे दाखवले आणि ‘अजून पाच हजार किलोमीटर चालव, मग बघू’ असे सांगून गाडी परत दिली. त्या फेरीचे त्यांनी काही घेतले नाही. वहीत त्या ओळीपुढे मी किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला आहे.